आखूड शेंडा

मासे गरवायची बांबूची जुनी काठी वारशाने घरात आली, तर आधी तिचे भाग शेजारी शेजारी मांडावेत. बुंधा, मधला तुकडा आणि दोन शेंडे. चांगल्या काठीला शेंडे दोन असतात, कारण मोडतो तो शेंडाच. मग टेप घेऊन मोजावं. एखादा शेंडा जोडीदारापेक्षा दोन इंच कमी भरला, तर तो कधीतरी मोडला आणि टोकाची कडी पुन्हा बसवून वापरात राहिला, असं समजावं. संग्राहक इथे किंमत बरीच कापतात.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या शेजारणीच्या वडिलांची काठी मी अशीच तिच्या जेवणाच्या टेबलावर मांडली. वडील पोलादाच्या कारखान्यात होते, रविवारी ट्राउटच्या ओढ्यावर. ॲल्युमिनियमची नळी, आत कापडी पिशवी, पिशवीत काठी. कारखान्याचं नाव बुंध्यावर कधीकाळी होतं, आता त्याची सोनेरी कड तेवढी उरलेली. नाव पुसलं म्हणून काठी मुकी होत नाही. बाकी सगळं बोलतं.

ही काठी गोल नसते, षट्कोनी असते. बांबू उभा चिरून सहा कामट्या काढायच्या, प्रत्येकीला साठ अंशांचा कोन द्यायचा, शेंड्याकडे निमुळती करत न्यायची आणि सहाही चिकटवून एक काठी करायची. बांबूचा जोर सालीलगतच्या तंतूंमध्ये असतो, म्हणून रंधा आतूनच मारायचा, बाहेरच्या अंगाला धक्का लावायचा नाही. एव्हरेट गॅरिसन हा पेशाने इंजिनिअर. तो इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब ठेवून कामट्या तासायचा. त्याच्या काठ्यांना आज हजारो डॉलर पडतात, आणि मला ते रास्त वाटतं.

अमेरिकेतल्या या कलेचा उगम याच पेनसिल्व्हेनियात, ईस्टन गावी सांगतात. सॅम्युअल फिलिपी नावाच्या बंदुका आणि व्हायोलिनं करणाऱ्या कारागिराने 1840 च्या दशकात तिथे चिरलेल्या बांबूच्या काठ्या केल्या. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा कामट्यांची काठी नावारूपाला आणली. त्यांच्या काळचा बांबू कलकत्त्याहून जहाजाने यायचा. त्यावर भाजल्याचे काळे डाग असत, आणि ते डाग दिसले की जाणकार काठीचं वय मागे, एकोणिसाव्या शतकाकडे नेतात. आपल्या मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या भरीव मानवेलीलाही कलकत्ता बांबू म्हणतात. हे कळल्यापासून संग्रहालयातल्या काचेमागची डागाळलेली काठी मला परकी वाटत नाही.

नंतर चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला सरळ, लांब पेरांचा टोंकिन बांबू आला आणि त्याने बाकी सगळे मागे टाकले. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला. त्याच सुमारास फायबरग्लास स्वस्त झाला. बहुतेक कारखाने मग बांबूकडे परतलेच नाहीत.

शेजारणीच्या काठीवर भाजल्याचा डाग नव्हता, रंग मधासारखा. म्हणजे टोंकिन. सांध्याच्या नळ्या जर्मन सिल्व्हरच्या नव्हत्या; पितळेवरचा मुलामा झिजून पिवळं दिसत होतं. रेशमाचे वेढे सुबक, पण घाईचे. दोन महायुद्धांमधल्या काळातली, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी कारखान्यातली काठी. युद्धानंतर जपानहून लाकडी पेटीतून आलेल्या संचांपेक्षा बरी, तरी बाजारात जेमतेम शे-दीडशे डॉलरची. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं.

पण शेंडे मी पुन्हा हातात घेतले. एक पुरा, त्याचं व्हार्निश अजून चकचकीत, कड्यांमध्ये दोरीचा ओरखडा नाही. दुसरा आखूड, काळवंडलेला, किंचित बाकलेला, रेशीम दोन ठिकाणी वेगळ्या रंगाचं. म्हणजे मोडल्यावरही तोच दुरुस्त करून वापरला आणि चांगला जपून ठेवला. बाजार पैसे देतो ते या न वापरलेल्या शेंड्याचे. ज्याने तिच्या वडिलांचे सगळे रविवार पेलले, त्याच्यासाठी भाव कापला जातो. हा हिशेब संग्राहकाचा आहे, तो त्याला लखलाभ. मुलीने तो मान्य करायचं काही कारण नाही.

तिला काठी घासूनपुसून भिंतीवर लावायची होती. मी काकुळतीने नको म्हटलं. सॅंडपेपर लागला की वरचे तंतू जातात, आणि तेच तर काठीचं बळ. ओली काठी नळीत बंद करू नये, कोपऱ्यात तिरकी टेकवू नये, अडकलेला सांधा पिळू नये, सरळ ओढावा. एवढं सांभाळलं आणि कामट्यांचा चिकटा सुटलेला नसला, तर ती आजही मासा खेळवू शकते.

“मग कुठला शेंडा लावू?” तिने विचारलं.

आखूड, म्हटलं. एप्रिलमध्ये ट्राउटचा हंगाम उघडतो. त्याआधी सैल झालेली एक कडी तेवढी बांधून घ्यायला हवी.