कुणाचं ऐकायचं

जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं. त्यावर हातभर लांबीचं हेलिकॉप्टर, मोठी पाती उतरवलेलं, मोटरच्या तिन्ही वायरी सोडवून बाजूला वळवलेल्या. बारा वर्षांची मुलगी रिसीव्हरच्या खाचेत बाइंड प्लग बसवते, बॅटरी जोडते आणि रिसीव्हरवरचा दिवा भराभर लुकलुकू लागतो. मग ती ट्रान्समीटरचं बटण दाबून धरते आणि तो चालू करते. दिवा लुकलुकतच राहतो.

"बाबा, बाइंड होत नाहीये."

"फार जवळ बसलीयस. दारापाशी जाऊन कर बघू."

ती चार-पाच फूट मागे सरकते. दिवा क्षणभर विझतो आणि मग स्थिर पेटतो. सर्व्होच्या छोट्या मोटरी एकदा कुरकुरतात, पात्यांखालची कलती चकती, स्वॉशप्लेट, सरळ होते. ट्रान्समीटर अगदी शेजारी असला की त्याचा सिग्नल रिसीव्हरला झेपत नाही, म्हणून थोडं अंतर ठेवायचं. हे बाबालाही कुणी सांगितलं नव्हतं, एक अख्खी संध्याकाळ गेल्यावर उमगलं होतं.

तो तिच्याहून लहान असताना मामाने दुबईहून गाडी आणली होती. २७ मेगाहर्ट्झवर चालणारी, लांब अँटेनाची. आठवडाभर डोंबिवलीतली ती चाळ त्याची होती. मग शेजारच्या मुलाकडे तशीच गाडी आली. शेजाऱ्याने रिमोट दाबला की याची गाडी वळायची, याने दाबला की त्याची. दोघं खूप हसले, पण रात्री त्याच्या मनात एक प्रश्न राहिला: आपली गाडी आपली कशावरून?

कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये तो प्रश्न काही काळ मिटला. तिथे बाल्सा लाकडाचं कंट्रोल-लाइन विमान उडवायचं असे. इंजिनाचं विमान दोन तारांच्या टोकाला गोल फिरतं आणि उडवणारा मधोमध हँडल धरून त्याच्याबरोबर गरगरतो. तार हातात जाणवायची. विमान कुणाचं ऐकतंय याबद्दल शंकेला जागाच नव्हती.

तारा सुटून हाती रेडिओ आला तेव्हा क्रिस्टल आले. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर जायचं आणि नखाएवढ्या धातूच्या डबीतला क्वार्ट्झ शोधायचा. क्रिस्टल जोडीनेच घ्यावे लागत, एक ट्रान्समीटरचा, एक रिसीव्हरचा. दोघांच्या कंपनसंख्येत ४५५ किलोहर्ट्झचा फरक, आणि अदलाबदल केली तर काहीच चालायचं नाही. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा नेहमीच्या जागा, प्रत्येकीला एक रंग: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. अँटेनाला त्या रंगाची फीत बांधली की मैदानात लांबूनही कळे, कोण कुठल्या जागेवर आहे.

मैदानाच्या कडेला एका फळीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असत, प्रत्येकावर रंग किंवा आकडा. आपला चिमटा हातात आल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही, हा कायदा. पुढे परदेशातून आणलेला ७२ मेगाहर्ट्झचा सेट त्याच्या हाती आला, तेव्हाही चिमटा होताच. एका रविवारी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी फक्त बॅटरी तपासायला म्हणून रेडिओ चालू केला. याचं विमान त्या वेळी उंचावर वळत होतं. नाक खाली गेलं, काठी ओढली तरी वर आलं नाही. दोन महिन्यांचं काम सुक्या गवतात पडलं. तो माणूस धावत आला, हात जोडून उभा राहिला. रागवायचं कशावर? रिसीव्हरने ऐकलं होतं, एवढंच. त्याला आवाज ओळखता येत नव्हता.

ही अडचण रिमोट कंट्रोलच्या जन्मापासूनची. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने रेडिओवर चालणारी नाव लोकांना दाखवली, आणि काही वर्षांतच दोन वेगवेगळ्या कंपनसंख्या एकदम आल्या तरच प्रतिसाद देणाऱ्या यंत्रणेचं पेटंटही घेतलं. १९४२ साली अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना रेडिओवर चालणाऱ्या टॉर्पेडोसाठी पेटंट मिळालं. स्वयंचलित पियानोत असते तशी भोकं पाडलेली कागदी पट्टी ट्रान्समीटर आणि टॉर्पेडो दोन्हीकडे एकाच वेळी सरकणार होती आणि ८८ कंपनसंख्यांवर दोघं मिळून उड्या मारणार होते. ठेका माहीत नसलेल्या शत्रूच्या हाती नुसता तुटक आवाज लागला असता. पियानोच्या पट्ट्याही ८८च असतात, हे वाचलं तेव्हा तो किती तरी वेळ त्या एका वाक्यावर थांबला होता.

छंदाच्या दुनियेत ही कल्पना उतरायला साठ वर्षं लागली. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले आणि चिमट्यांची फळी हळूहळू रिकामी झाली. बाइंडमध्ये घडतं ते एवढंच: प्लग लावलेला रिसीव्हर कुणाचीही वाट पाहत असतो, ट्रान्समीटर स्वतःचा क्रमांक सांगतो, रिसीव्हर तो लिहून ठेवतो. बॅटरी काढली तरी विसरत नाही. नंतर त्याच पट्ट्यात शेजारचं वायफाय, ब्लूटूथ, दहा रेडिओ बोलत असले तरी तो क्रमांक नसलेला प्रत्येक संदेश तो टाकून देतो. बाबाच्या मते रिसीव्हरचं खरं काम टाकून देणं हेच आहे.

आणि बोलणारा गप्प झाला तर? पुष्कळ रिसीव्हर बाइंड होताना थ्रॉटलची काठी जिथे असेल ती जागा लक्षात ठेवतात आणि संपर्क तुटला की तिथेच जातात. म्हणून काठी पूर्ण खाली. मुलीला हे त्याने तीनदा सांगितलंय, मोटरच्या वायरी सोडवण्याबद्दल त्याहून जास्त वेळा. ही पाती मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतात. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये एका सरावलेल्या तरुणाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांनी जीव गेला. ती बातमी त्याने मुलीपासून लपवली नाही.

तिला आवडते ती गोष्ट मंगळावरची. १.८ किलोचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ ला तिथे पहिल्यांदा उडालं. पृथ्वीवरून संदेश जायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे काठी हलवून उडवणं शक्य नव्हतं. ते आधी पाठवलेल्या सूचनांवर स्वतःच उडायचं आणि पर्सिव्हिअरन्स या बग्गीशी सुमारे ९०० मेगाहर्ट्झवर बोलायचं. २६ एप्रिल २०२३ ला बावन्नाव्या उड्डाणात ते उतरत असताना मध्ये टेकडी आली आणि आवाज तुटला. बग्गी टेकडीच्या माथ्यावर आली तेव्हा, ६३ दिवसांनी, २८ जूनला पुन्हा जोड लागली. "एवढे दिवस ते काय करत होतं?" असं तिने विचारलं होतं. उतरल्या जागी थांबून होतं, असं तो म्हणाला.

सकाळी मैदानावर धुकं अजून पूर्ण गेलेलं नाही. पाती चढवली आहेत, वायरी अजून सुट्याच. मुलगी आधी प्लग काढलाय का ते पाहते, कारण तो राहिला तर रिसीव्हर पुन्हा कुणाचीही वाट पाहत बसेल. मग ट्रान्समीटरची ताकद कमी करून ती चालू लागते. रेंज तपासायला तीस पावलं. तो हेलिकॉप्टरजवळ उकिडवा बसून मोजतो. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. ती वळते, काठी डावीकडे नेते. स्वॉशप्लेट डावीकडे कलते. तो हात वर करतो.