ओसरीतला स्पीकर आणि मायची हाक



परे टाकून झाले. आता सगळ्यांसारखे आमचेही डोळे आभाळाकडे. दोन दिवस हात रिकामे आहेत, म्हणून आज धानाचं नाही, कानाचं लिहितो. घरी गाणी ऐकताना आवाज किती ठेवावा, एवढाच विषय. पण मला तो महागात पडला.

मला गाण्याचा नाद लहानपणापासून. आधी बाबाचा ट्रान्झिस्टर, मग टेप, आता पोरानं आणून दिलेला ब्लूटूथ स्पीकर. शेतातून आलो की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि ओसरीत जुनी गाणी लावायची. घरची म्हणायची, "आवाज कमी करा ना जी." मला तो बरोबर वाटायचा. उलट हिचेच कान हलके आहेत असं मी म्हणायचो.

मागच्या हंगामात धान चुरणं चालू होतं. दिवसभर थ्रेशरजवळ उभा राहून संध्याकाळी घरी आलो आणि स्पीकर लावला. घरची शेजारी गेली होती. माय मागच्या सांदवाडीत हातपंपाजवळ घसरून पडली. मधे दोन खोल्या, आणि मी ओसरीत गाणी ऐकत बसलो होतो. घरची परत आली तेव्हा तिला माय दिसली. तोवर अर्धा तास झाला होता. मनगट मोडलं होतं.

दवाखान्यातून येताना मी विचारलं, "माय, हाक काहून नाही मारली?"

"मारली ना बाबू. एक गाना सरला का हाक मारो, पन दुसरा लगेच सुरू होये."

म्हणजे मोडलेला हात धरून ती गाणं संपायची वाट पाहत होती. त्यावर मला काही बोलता आलं नाही. महिनाभर स्पीकर पेटीतच राहिला.

मग पोरानं मला गोंदियाला नेऊन कान तपासून घेतले. जाड आवाज बरे ऐकू येतात, बारीक आवाज कमी झाले आहेत, असं निघालं. तेव्हा आठवलं की रात्री दरेकसाकडून जाणारी मालगाडी मला घरबसल्या ऐकू येते, पण रातकिडे किती दिवसांत ऐकले नाहीत. मोठ्या आवाजानं कान बिघडतो तेव्हा आधी बारीक आवाजच जातात. कानाच्या आत केसासारख्या नाजूक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. करपलेल्या धानाला युरिया टाकून उपयोग नाही, तसंच हे.

कारण विचारलं तर माझा वीस वर्षांचा ट्रॅक्टर निघाला. बिनकेबिनच्या जुन्या ट्रॅक्टरवर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो, कधी त्याच्याही वर. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. गाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावं, ९० ला फक्त चार तास. लहान मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलवरच आहे. मी दिवसभर ट्रॅक्टर-थ्रेशरवर कानाचा कोटा संपवत होतो, आणि संध्याकाळी थकलेल्या कानाला कमी ऐकू येतं म्हणून आवाज वाढवत होतो.

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरली, तेव्हा धनेगावला गेलो होतो. कचारगडची कथा आमच्या भागात बहुतेकांना माहीत आहे. काली कंकाली मायची लेकरं गुहेत कोंडली गेली, आणि हिरासुका पाटालीर यांच्या संगीतानं त्यांना बळ येऊन दाराचा दगड सरला, असं गोंड बांधव सांगतात. त्या दगडाखाली हिरासुकांचा जीव गेला. यात्रेत एका झाडाखाली एक म्हातारे किंगरी वाजवत बसले होते. किंगरीचा आवाज तो केवढा! दहा पावलांवर गर्दीत हरवून जाणारा. पण लोक त्यांच्याजवळ सरकून बसत होते, कोणी बोलत नव्हतं. मीही पुढे जाऊन बसलो. बारीक सूर काही सुटले असतील, पण बाकी सगळं ऐकू आलं. आवाज वाढवण्याऐवजी जवळ जाता येतं, हे तिथं सुचलं.

घरी येऊन स्पीकर पेटीतून काढला, पण ओसरीच्या टोकाला न ठेवता खाटेजवळ हातभर अंतरावर ठेवला. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो. त्यामुळे बटण बरंच खाली ठेवलं तरी मला पुरतं आणि मागच्या खोलीत त्रास होत नाही. रात्री दहानंतर बंद. सरकारच्या २००० च्या नियमात वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप मिळतं. आकडा तंतोतंत नसतो, पण अंदाज येतो.

ॲप नसेल तर दोन गोष्टी करून पाहा. स्पीकरपासून जिथं बसता, तिथं तीन फुटांवरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला, तर तो जास्त आहे. दुसरी गोष्ट आमच्या घरची आहे. घरातल्या कोणाला तरी सांदवाडीत पाठवा आणि नेहमीच्या आवाजात हाक मारायला सांगा. ती ऐकू आली नाही तर बटण खाली करा.

आमच्या घरी हे काम माय करते. हात बरा झाला आहे, थोडा वाकडा राहिला. मी गाणी लावली की ती मागून मुद्दाम हाक मारते, "बाबू!" मी "हो माय" म्हणतो. मग ती आपल्या कामाला लागते.

आणि ट्रॅक्टर, थ्रेशरवर बसणाऱ्या पोरांनो, कानात बोळे घाला. कृषी केंद्रात नसले तर मेडिकलमध्ये मिळतात. मी आता घालतो, वीस वर्षं उशिरा. तुमच्याकडे कोणी वापरत असेल तर कोणते टिकतात ते कळवा.