आधी अ‍ॅडमिट व्हा, मग बोलू

पॉलिसी रिन्यूअलचा मेल उघडायचाच नसतो, असा आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातला अलिखित नियम. गेल्या एप्रिलमध्ये मी तो उघडला. ग्रुप पॉलिसीत पालकांच्या ओपीडी औषधांसाठी वर्षाला दहा हजार मिळायचे आणि बाभुळगावला माझे ७१ वर्षांचे बाबा शुगर-बीपीच्या गोळ्यांवर आहेत. मेलच्या वरच्या अंगाला ठळक अक्षरांत होतं, पालकांचं कव्हर तीन लाखांवरून पाच लाख! खाली बारीक अक्षरांत, पालकांचं ओपीडी बेनिफिट बंद.

टाळ्या!

आता गंमत बघा. बाबा अ‍ॅडमिट झाले तर ऑफिसचे पाच लाख आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करायचं सरकारने २०२३ साली ठरवलं, ती आहे. सत्तरी गाठलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान कार्डही बाबांनी काढलंय. म्हणजे उद्या स्ट्रोक आला तर मदतीला तिघं हजर. तो येऊ नये म्हणून रोज सकाळी जी गोळी लागते, तिला मात्र कुणी वाली नाही. आपल्याकडे १९८६ साली मेडिक्लेम आला तोच मुळी हॉस्पिटलचं बिल डोळ्यांपुढे ठेवून. औषधं त्यात असतात, पण अ‍ॅडमिशनच्या आगेमागे. साधारण ३० दिवस आधीची, ६० दिवस नंतरची. बाबांची शुगर २००९ पासूनची. ती कुठल्या साठ दिवसांत बसवू?

आईकडून बाबांना हे कळलं आणि त्यांनी परस्पर स्वतःची पॉलिसी काढली. गोळी एक दिवसाआड! ‘‘काहून रोज खाऊ माय? बरं तं वाटते मले!’’ बोंडअळीने निम्मा कापूस खाल्ला त्या वर्षीही माझी फी वेळेवर भरणारा हा माणूस. स्वतःवर खर्च म्हटला की त्याचा हात लगेच आखडतो.

मग सुट्टी टाकली, धामणगावला उतरले आणि बाबांना घेऊन थेट यवतमाळच्या डॉक्टरांकडे. त्यांना सरळ विचारलं, याच औषधांची जेनेरिक नावं लिहून द्याल? दिली की! महागडी कॉम्बिनेशनची गोळी होती, तिच्यातली औषधं त्यांनी सुटी लिहिली. (हे डॉक्टरांना विचारूनच करायचं. मेडिकलवाल्या दादांच्या सल्ल्याने नाही.) मेटफॉर्मिन सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं, बाकीचं जनऔषधीतून घेतलं. महिन्याचं बिल अकराशेवरून साडेतीनशेवर आलं. गोळ्या मात्र आता एकाच्या तीन झाल्या, हे बाबांना अजिबात पसंत नाही.

ऑफिसात आम्ही नऊ जणांनी एचआरला मेल टाकला, की पाच लाखांचे परत तीन करा, पण ओपीडी ठेवा. ‘नोटेड’ असं उत्तर आलंय.

बाबा दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो पाठवतात. गेल्या रविवारी बीपीच्या दोन गोळ्या जास्त दिसल्या. मी लगेच फोन लावला.