हातात आलेलं देवपण

सध्या रात्री ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पुन्हा खेळतो आहे. पीटर मॉलिन्यू यांच्या लायनहेड स्टुडिओजचा, २००१ सालचा हा खेळ; त्यात आपण गावकऱ्यांचे देव असतो. पडद्यावर बटणांची गर्दी नाही, फक्त एक हात. त्यानंच झाडं उपटायची, धान्य वाटायचं, हवेत आकृती काढून चमत्कार घडवायचे. आपण क्रूर वागलो की तो हातही भेसूर होत जातो.

खरं वैभव आहे आपण खेळात वाढवतो त्या महाकाय प्राण्यात. कुरवाळलं की केलेलं बरोबर, फटका दिला की चूक, असं तो शिकतो. रिचर्ड इव्हान्स यांनी त्याला दिलेली बुद्धी आजही थक्क करते.

पण गावकऱ्यांचं मागणं संपत नाही. कधी अन्न, कधी लाकूड. देवाचा नुसता कोठीवाला होतो. तिसऱ्या भूमीवर तर तो प्राणीच शत्रूच्या कैदेत असतो आणि खेळाचा जीवच हरपतो.

तरीही माझं मत पक्कं आहे: जपून केलेल्या दहा निर्दोष खेळांपेक्षा एवढं मोठं धाडस करणारा हा सदोष खेळ मोलाचा आहे.