आयर्विन पुलावरचा चढ

मागच्या श्रावणात एका रविवारी पप्पा सांगलीतून आयर्विन पुलावरून कसबे डिग्रज, तुंग करत पुढे जाऊन परत आले. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना माहिती आहे, दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये तव्यासारखा सपाट डांबरी रस्ता. हँडलवरच्या छोट्या कॉम्प्युटरने अंतर सांगितलं ३१.६ किलोमीटर, खिशातल्या फोनवरच्या ॲपने सांगितलं ३२.३. एवढ्यावर कोणी भांडत नाही. पण एकूण चढ कॉम्प्युटरवर ४१ मीटर होता आणि ॲपवर १८७.

मी साताऱ्यात नोकरीला असते. पप्पांनी दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, "हा डोंगर कुठं आहे बघून सांग."

पप्पा कुपवाडच्या एमआयडीसीत ३१ वर्षं लेथवर होते. टर्नर. त्यांच्या हातात व्हर्नियर कॅलिपर असायचा आणि कुठलंही माप घेण्याआधी ते जबडे मिटवून बघायचे, शून्यावर शून्य येतंय का. येत नसेल तर किती चूक आहे ते लक्षात ठेवायचं आणि प्रत्येक मापातून तेवढं वजा करायचं. अशा माणसाला "ॲपमध्ये थोडं इकडेतिकडे होतं, चालायचंच" असं सांगता येत नाही. त्यामुळे मला हे सगळं मुळापासून वाचावं लागलं. तुम्हीही रविवारी राइड करून ग्रुपवर आकडे टाकत असाल तर तुमच्याही कामाचं आहे.

आधी अंतर. सेन्सर चाकाला लावला असेल तर कॉम्प्युटर फक्त फेऱ्या मोजतो आणि त्यांना चाकाच्या परिघाने गुणतो. म्हणजे परीघ चुकला की सगळं चुकलं. ७०० बाय २८ च्या टायरसाठी तक्त्यात २१३६ मिलिमीटर असतं, ७०० बाय २५ साठी २१०५. टायर बदलला आणि सेटिंग तसंच ठेवलं, तर ५० किलोमीटरमागे सातशे-साडेसातशे मीटरचा फरक पडतो. पप्पांनी तक्ता मानलाच नाही. आमच्या विश्रामबागच्या गल्लीत त्यांनी टायरवर खडूची खूण केली, हवा नेहमीएवढी भरली, स्वतः सीटवर बसले (माणूस बसला की टायर दबतो, परीघ कमी होतो) आणि मला धरायला लावून सरळ रेषेत पाच फेऱ्या पुढे गेले. टेप लावला, १०,५९५ मिलिमीटर. भागिले पाच, २११९. तक्त्यापेक्षा १७ मिलिमीटर कमी. "बघ," ते म्हणाले, "तक्ता कारखान्यातला, टायर माझ्या वजनाचा." शेजारचे काका गॅलरीतून बघत होते, त्यांना वाटलं सायकल विकायला काढलीय.

फोनला चाक माहितीच नसतं. त्याला दर सेकंदाला किंवा काही सेकंदांनी आकाशातून आपली जागा कळते आणि तो त्या ठिपक्यांमध्ये सरळ रेषा ओढत जातो. यातून दोन उलट्या चुका होतात. वळणावर ठिपके लांब लांब पडले की रेषा कोपरा कापते, अंतर कमी भरतं. आणि तुम्ही हळू असाल, झाडीत असाल, किंवा शेजारी दरड असेल, तर ठिपके रस्त्याच्या आजूबाजूला नाचतात आणि रेषा वेडीवाकडी होऊन अंतर जास्त भरतं. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढताना आणि उतरताना हे दोन्ही बघायला मिळतं. चढताना माझा वेग ताशी ९-१०, म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच-तीन मीटर. उतरताना ४० च्या पुढे, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. रस्ता तोच, पण माझ्या फोनवर वरती जायचा रस्ता खाली यायच्या रस्त्यापेक्षा दरवेळी थोडा लांब असतो. खंबाटकीच्या बोगद्यात तर आकाशच नाही. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना तुम्ही आत शिरता तेव्हा नकाशावर गायब होता आणि बाहेर निघाल्यावर मधलं सगळं एका सरळ रेघेत जोडलं जातं.

आणि बॅटरी वाचवणारे फोन. स्क्रीन बंद झाली की हे फोन मागे चालणारी ॲप्स गुपचूप झोपवून टाकतात. तुमचा कुणी मित्र नकाशावर उसाच्या फडातून बाणासारखा सरळ गेलेला दिसला, तर आधी त्याच्या बॅटरीचं सेटिंग तपासा, मग त्याला खोटारडा म्हणा.

आता पप्पांचा डोंगर. उंची मोजायच्या दोन पद्धती आहेत. चांगल्या कॉम्प्युटरमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. साधारण आठ-नऊ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्यावरून उंची काढायची. हे नाजूक असतं, पण पावसाळ्यात फसतं. सेन्सरच्या भोकात पाणी गेलं की आकडा अडकतो. ढग भरून येताना दाब आपोआप उतरतो आणि कॉम्प्युटरला वाटतं आपणच वर चाललो. जुलैमध्ये मी साताऱ्यातल्या माझ्या खोलीच्या दारातून निघाले आणि त्याच दारात परत आले, तोवर दार १८ मीटर वर गेलेलं होतं.

ज्या फोनात किंवा यंत्रात हा सेन्सर नसतो, तिथे ॲप तुमची जागा घेतं आणि जमिनीच्या उंचीच्या तयार नकाशात बघतं. असा एक नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडार फिरवून केला. जगातल्या बहुतेक जमिनीची उंची, साधारण ३० मीटरच्या चौकटींत. कामगिरी अफाट आहे, पण ३० मीटरच्या एका चौकटीत घाटातला रस्ता, वरची दरड आणि खालची दरी सगळं एकत्र बसतं. तुमचा ठिपका पाच मीटर डावीकडे सरकला की तुम्ही दरडीवर, उजवीकडे सरकला की दरीत. आणि पूल बहुतेक वेळा अशा नकाशात नसतातच. नकाशाला नदी दिसते. त्यामुळे ॲपच्या मते माझे वडील, वय ६२, दर रविवारी आयर्विन पुलाजवळ सायकलसकट कृष्णेत उतरतात आणि पलीकडच्या काठावर चढून येतात. जाताना एकदा, येताना एकदा.

हे ऐकून पप्पा बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "बाकीचे शंभर मीटर?" बाकीचं उत्तर मला जास्त आवडलं. अंतरातल्या चुका थोड्या इकडे, थोड्या तिकडे होऊन बऱ्याचशा मिटतात. पण 'एकूण चढ' म्हणजे फक्त वर जाण्याची बेरीज, उताराची वजाबाकी त्यात नाही. आकडा एक मीटर वर, एक मीटर खाली असा थरथरला, तर खालचा सोडून दिला जातो आणि वरचा धरला जातो. चूक कधी मिटतच नाही, साठत जाते. सपाट रस्त्यावर तासभर ती थरथर चालली की आपोआप टेकडी तयार होते. म्हणून दोन यंत्रांमधला सगळ्यात मोठा फरक अंतरात किंवा वेगात नाही, चढात असतो. आणि डोंगरापेक्षा सपाटीवर टक्केवारीने जास्त. यवतेश्वरला माझा कॉम्प्युटर ३८४ म्हणतो आणि ॲप ४३१. सांगलीत ४१ आणि १८७.

सांगलीकराला उंचीच्या आकड्याचं महत्त्व समजवावं लागत नाही. १९२९ च्या या पुलावर पाण्याची पातळी वाचतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या दिवसांत अख्खं शहर एकच आकडा विचारत होतं, "आयर्विनला किती?" हे फूट समुद्रसपाटीपासूनचे नाहीत, पण सगळ्यांचं शून्य एकच होतं, त्यामुळे कुणाच्या घरात किती वाजता पाणी शिरणार हे आम्हाला कळत होतं. पप्पांच्या व्हर्नियरसारखंच.

माझ्या ओळखीतल्या काही मुलांना 'एव्हरेस्टिंग' करायचं आहे. एकच घाट पुन्हा पुन्हा चढून बेरीज ८,८४८ मीटर करायची. यवतेश्वरला माझ्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने २४ फेऱ्या लागतात आणि ॲपच्या हिशोबाने २१. पहाटे चारला तीन फेऱ्यांचा फरक काय असतो हे ज्याने घाट चढलाय त्याला विचारा. गंमत म्हणजे खुद्द एव्हरेस्टचा आकडाही सरकत आलाय. १८५६ मध्ये २९,००२ फूट जाहीर झाला, १९५५ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने २९,०२८ फूट म्हणजे ८,८४८ मीटर सांगितला आणि २०२० पासून ८,८४८.८६ धरतात.

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. मग घड्याळ आलं.

पप्पांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्ट करून सायकलला परवानगी दिली, पण अट घातली, ठोके ११५ च्या पुढे न्यायचे नाहीत. म्हणून मनगटावर घड्याळ बांधलं आणि घरात आईच्या फोनवर ठोके दिसतील अशी सोय केली. नवरात्रात एका सकाळी माधवनगर रोडवर घड्याळाने १६१ दाखवलं. आईने फोन केला, पप्पा म्हणाले, "मला काही होत नाही, मी गाणं म्हणतोय." त्याने आई अजूनच घाबरली. ते घरी आल्यावर तिने सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली तूरडाळीच्या डब्यात टाकली. तीन आठवडे सायकल बंद. पप्पा वाद घालत नाहीत, ते गप्प होतात. ३१ वर्षं रोज विश्रामबाग ते कुपवाड जाऊन-येऊन १० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस धरले तरी ९३,००० किलोमीटर होतात, पृथ्वीला दोन फेऱ्या मारून वर शिल्लक. त्यातला एक किलोमीटरही कुठल्या ॲपवर नाही. हा हिशोब मीच त्यांना करून दाखवला होता, तेव्हा ते म्हणाले होते, "त्याचा पगार नव्हता मिळत." अशा माणसाला गॅलरीत बसलेलं बघवत नव्हतं.

दिवाळीत मी घरी गेले तेव्हा छातीला बांधायचा पट्टा घेऊन गेले. घड्याळ मागच्या बाजूने हिरवा प्रकाश टाकतं आणि कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतं. पट्टा सैल असला, हात हँडलवर वाकलेला असला, रस्ता खड्ड्यांचा असला, की प्रत्येक हादरा त्याला ठोक्यासारखा वाटू शकतो. छातीचा पट्टा हृदयाची विजेची लहर पकडतो, त्याला हादऱ्यांचा त्रास पुष्कळ कमी. हे मी आईला दोनदा समजावलं. ती म्हणाली, "तू दोन यंत्रं आणलीस, दोघांचं पटत नाही, आता तिसरं आण."

तिसरी तीच झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पप्पा घड्याळ आणि पट्टा दोन्ही बांधून निघाले, आई माझ्या मागे स्कूटीवर, मांडीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ. दर दोन किलोमीटरला थांबायचं, मी दोन्ही आकडे लिहायचे आणि आईने मनगट धरून १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. पहिल्या थांब्याला घड्याळ १३९, पट्टा १०४. आईने डोळे मिटून मोजले, २६. म्हणजे १०४. दुसऱ्या थांब्याला तिने पुन्हा मोजले, मग आमच्याकडे न बघता आणखी एकदा. जाऊन-येऊन सात थांब्यांत पट्टा आणि आई यांच्यात कधी चारपेक्षा जास्त फरक आला नाही, आणि चार हा तिच्या पद्धतीतला एका ठोक्याचाच फरक. घड्याळ तीनदा भरकटलं आणि थांबल्यावर मिनिटाभरात जागेवर आलं. तो कागद आम्ही डॉक्टरांना दाखवला. त्यांनी पट्टा चालू ठेवा म्हणून सांगितलं, आणि दम लागला किंवा छातीत काही वाटलं तर आकडा कितीही असो, थांबा. किल्ली डाळीच्या डब्यातून बाहेर आली.

एक राहिलं, वेग. सरासरी वेग हा सगळ्यात जास्त मिरवला जाणारा आणि सगळ्यात कमी अर्थाचा आकडा आहे असं माझं मत आहे. एक यंत्र फक्त चाक फिरत असतानाचा वेळ धरतं, दुसरं निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा. खड्या चढावर ताशी चार-पाचवर आलं की जीपीएसला कधीकधी वाटतं आपण थांबलोच, आणि ते घड्याळ बंद करतं. म्हणजे सगळ्यात कष्टाची मिनिटं हिशोबातूनच जातात. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये हा घोळ नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. चहा, पंक्चर, झोप सगळं त्यातच, आणि पुरावा म्हणजे वाटेतल्या ठिकाणांवरच्या वेळेच्या नोंदी. मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

पप्पांनाही वाटली. त्यांनी कारखान्यातली एक जुनी कोरी वही काढली, किर्लोस्करवाडीहून आलेल्या कुणीतरी दिलेली. (ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ती वाडी वसवली, त्यांनी सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून केली होती, हे पप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगतात.) वहीत त्यांनी स्केलने रकाने आखलेत: तारीख, कुठं, मीटर, फोन, पट्टा, आई, फरक. 'आई' हा रकाना आता कधीतरीच भरला जातो, पण खोडलेला नाही.

मागच्या महिन्यात ते नांद्रे, वसगडे, भिलवडी करत औदुंबरला जाऊन आले. मीटर ५०.८, फोन ५१.४, पट्ट्यावर सर्वांत जास्त ११२. चढाचा रकाना त्यांनी ठेवलेलाच नाही. फोन आणि मीटरच्या सरासरी वेगात मात्र बरंच अंतर होतं, आणि 'फरक'च्या रकान्यात त्यांनी कारण लिहिलंय: "भिलवडीत चहा, २५ मिनिटं. औदुंबरात दर्शनाची रांग. घाटावर बसलो."