पाटीआधी चिंचोके

आम्ही दोघेही नववीपर्यंतच शिकलो. आपले राहिले ते पोरीने पुरे करावे, या घाईत आम्ही तिला साडेतीन वर्षांचीच असताना पाटीला बसवले. रोज संध्याकाळी 'अ' गिरवायचा. चुकली की आम्ही रागवायचो. एकदा हातावर पट्टीही मारली. दुसऱ्या दिवशी पाटी सापडेना. निघाली तांदळाच्या डब्यामागे. पोरीने लपवली होती!

अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "तिची बोटं अजून तयार नाहीत. आधी खेळू द्या." ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, तेही आसपास मिळणाऱ्या बिनखर्चाच्या साधनांवर. मग आमच्या खोलीत काय कमी होते?

आता आम्ही तांदूळ निवडतो तेव्हा ती शेजारी बसून चिंचोके निवडते. लहान इकडे, मोठे तिकडे. पाच-पाचाच्या ओळी लावते, मोजते, प्रश्न विचारते. आम्ही उत्तरे देतो. चिंचोका तोंडात जाऊ नये म्हणून लक्षही ठेवतो.

मागच्या महिन्यात तिने स्वतःहून पाटी मागितली.

शिक्षणाची ओढ आपल्या घराघरांत आहे, ती असावीच. पण पोरच पाटीला भिऊ लागले, तर ती ओढ काय कामाची?