तोडीस तोड

संध्याकाळची वेळ होती. आकाशात मळभ दाटून आले होते. उद्यानातील कारंज्याजवळ दोघे जण मोबाइल हातात धरून उभे होते. एक होता दुकानात काम करणारा तरुण. दुसरे होते नातवाचा हट्ट पुरवता पुरवता स्वतःच खेळात रमलेले आजोबा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटत होते, ही माणसे उगाच वेळ दवडीत आहेत. प्रत्यक्षात तेथे एक लढाई चालली होती, आणि ती ते हरत होते.

हा खेळ म्हणजे ‘पोकेमॉन गो’. 2016 च्या जुलैमध्ये तो काही देशांत सुरू झाला आणि डिसेंबरमध्ये भारतात आला. पोकेमॉनची मूळ कल्पना जपानच्या सातोशी ताजिरी यांची. बालपणी त्यांना किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या छंदातूनच पुढे 1996 मध्ये पहिला पोकेमॉन खेळ जन्माला आला. चित्रविचित्र प्राणी शोधावेत, पकडावेत, वाढवावेत, असे या खेळाचे स्वरूप. 2017 पासून ‘पोकेमॉन गो’मध्ये ‘रेड’ नावाच्या सामूहिक लढायांची भर पडली. आपल्या संग्रहातील 6 प्राणी निवडायचे आणि एका बलाढ्य म्होरक्याला ठरलेल्या वेळेत नमवायचे. जिंकल्यास त्यालाच पकडण्याची संधी मिळते.

त्या दिवशीचा म्होरक्या होता टायरॅनिटार. वेळ होती अवघी 3 मिनिटे. प्रत्येक प्राण्याच्या माथ्यावर त्याच्या बळाचा एक आकडा असतो. त्याला ‘सीपी’ म्हणतात. तरुणाने सर्वांत मोठे आकडे पाहून ड्रॅगोनाइट निवडले होते. परंतु ड्रॅगोनाइट हा उडणारा प्राणी, आणि टायरॅनिटार पाषाण प्रकारचा. दगडाचा घाव उडणाऱ्याला अधिक लागतो. एकामागून एक ड्रॅगोनाइट कोसळले आणि वेळ संपली.

“आजोबा, माझ्याकडे याहून मोठे काही नाही,” तरुण खिन्नपणे म्हणाला.

“अरे, मोठे कशाला शोधतोस? समोर कोण उभा आहे, ते आधी बघ,” आजोबा म्हणाले.

कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते. तसेच येथेही आहे. या खेळात प्राण्यांचे 18 प्रकार आहेत. पाणी आगीला विझवते, आग गवताला जाळते, हे सहज कळते. जेथे असा वर्मी घाव बसतो, तेथे त्याचा परिणाम 1.6 पट होतो. टायरॅनिटार पाषाण आणि अंधार अशा दोन प्रकारांचा असतो, आणि मल्लविद्येपुढे हे दोन्ही प्रकार दुबळे ठरतात. म्हणून मल्लाचा घाव त्याच्यावर 1.6 गुणिले 1.6, म्हणजे 2.56 पट लागतो. उलट त्याचे पाषाणाचे आणि अंधाराचे घाव मल्लाला कमी बाधतात. आकाश ढगाळ असले, तर मल्लाचे बळ आणखी 1.2 पट होते.

तरुणाच्या संग्रहात चार हातांचे मशॅम्प कित्येक दिवस पडून होते. आकडा लहान म्हणून त्याने त्यांच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. आजोबांनी त्यांचे डावही तपासायला लावले. कारण मल्लाला मल्लविद्येचेच डाव येत नसतील, तर तो मल्ल काय कामाचा? मग दोघे पुन्हा लढाईत उतरले. या वेळी घड्याळात थोडे क्षण शिल्लक असतानाच टायरॅनिटार कोसळला. पुढे तरुणाने तो पकडलाही.

“आता प्रत्येक लढाईत मशॅम्पच घेतो,” तो आनंदाने म्हणाला.

आजोबा हसले. “म्यूटू समोर आला, तर हेच मशॅम्प पहिल्यांदा पडतील. त्याच्या मनःशक्तीपुढे मल्लाचे काही चालत नाही. मनाला भय असते किड्यांचे, भुतांचे आणि अंधाराचे. त्या वेळी तुला आज हरवलेला हा टायरॅनिटारच उपयोगी पडेल.”

तरुण विचारात पडला. दहावीच्या गुणपत्रिकेवरील एका आकड्याने त्याची शाळा सुटली होती. त्या आकड्यापलीकडे आपल्यात काही असेल, असे त्याला त्यानंतर कधी वाटले नव्हते. आकडा खोटा नव्हता. पण तो सगळे सांगत नव्हता. कोण कोठे उपयोगी पडेल, हे त्यावरून कळत नव्हते.

काळोख पडू लागला. घरी परतताना तरुणाने आपला संग्रह पुन्हा उघडला. या वेळी आकडे बाजूला ठेवून तो एकेक प्राणी नीट पाहू लागला.